गावाला सांगितलेली गाठ

जोतीराम मेजरला पन्नाशी उलटल्यावर बाप व्हायची पाळी आली आणि सीमेवर न घाबरलेला गडी घरात घाबरला. मेजर म्हंजे, फौजेतनं सुटला हवालदार म्हणूनच. पण आमच्या खंडाळ्याच्या बाजूला पेन्शनीत आलेला परत्येक जण मेजरच. पोरगा ऋषिराज लग्नाला आलेला, त्याला पोरी बघायचं चाललेलं, आणि हिकडं त्याच्या बायकोला, बनूवैनीला दिवस गेलेले.

"पावण्यांनी नवरीच्या सासूलाच डोहाळं इचारलं म्हंजे?" मेजर म्हनला. "बने, तू माधवनगरला भनीकडं जा. मोकळी झालीस की ये."

"आन् लेकरू?"

"रंगूला मूलबाळ न्हाई. तिलाच ऱ्हाऊ दे."

वैनी उठली. पिशवी भरली आणि गेली.

गावाला मेजरनं सांगितलं, पोटात गाठ हाय, सांगलीला औषध चालू हाय.

झालं! गाठ म्हनल्यावर गाव कामाला लागलं. शेजारच्या दादासोनं कुठनं तरी कडू पाला आणला आणि मेजर शिरवळला जिथं वॉचमन हुता, त्या केबिनवर नेऊन दिला. बायका देवीला नवस बोलल्या. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वैनीचा फोटू, खाली जोडलेलं हात. एका भाद्दरानं तर घाईत फोटूला हारच घातला. मेजरनं शिव्या घालून तो काढायला लावला.

"मेजर, गाठ केवढी झाली आता?" जो तो इचारायचा.

"वाढतीया," मेजर म्हनायचा. तेवढंच एक खरं बोलायचा.

वैनी फोन करायची. "आवं, लाथा मारतंय. एकडाव या की."

"ड्यूटी हाय," म्हनून मेजर फोन ठेवायचा.

मग रंगूचा फोन आला. पोरगी झाली हुती, आणि बनूवैनीचं रगत थांबत न्हवतं. मेजर सांगलीच्या दवाखान्यात पोचला तवा वैनीवर चादर ओढलेली. पोरीकडं त्यानं बघितलंच न्हाई. ती रंगूकडं ऱ्हायली आणि मयत गावाला आलं. समद्या गावानं त्या गाठीला शिव्या घातल्या. मेजर मान खाली घालून ऐकत बसला.

दहाव्याला नीरेच्या काठावर पिंड मांडलं. ऋषीनं डोई भादरलेली. वैनीच्या आवडीची कांदाभजी ठिवली, मिसरीची डबी ठिवली. पण कावळा शिवंना. कावळा शिवंना म्हंजे मेलेल्याचा जीव कशात तरी अडकलाय. कशात, ते वळखून शब्द द्यायचा. मग येतो म्हनत्यात.

"वैनी, ऋषीचं लगीन दनक्यात लावू!" दादासो वरडला. कावळा न्हाई.

"वैनी, तुमची म्हस इकणार न्हाई!" न्हाई.

"मेजरची दारू बंद करतो!" दादासोनं परस्परच कबूल करून टाकलं. तरीबी न्हाई.

पलीकडं दुसऱ्या गावच्या एका म्हाताऱ्याचा दहावा हुता. पतवंडं बघून गेलेला सुखी जीव, त्याच्या पिंडावर कावळ्यांची पंगत बसलेली. दादासो तिकडं गेला आणि उपरणं हालवत दोन कावळं हिकडं वळवाय लागला.

"ओ पावणं, आमचं कावळं कुठं नेताय?"

"तुमचं झालंय न्हवं खाऊन? मग!"

गचांड्या धरायची येळ आली. कावळं बाभळीवर बसून मजा बघत हुतं.

तेवढ्यात रस्त्यावरच्या गाडीतनं तान्हं रडल्याचा आवाज आला. रंगू लेकरू घेऊन उतरली आणि थेट मेजरच्या म्होरं हुबी ऱ्हायली.

"कुनाचं गं हे?" दादासोनं इचारलं.

"दाजींनी सांगावं," रंगू म्हनली. "न्हाईतर मी घेऊन जाते. पुन्यांदा तोंड दावनार न्हाई."

मेजरनं ऋषीकडं बघितलं. ऋषी नदीकडं बघाय लागला.

"माझं हाय," मेजर पुटपुटला. कुनाला ऐकूच गेलं न्हाई. मग तो वरडला, "गाठ न्हवती रं! पोटुशी हुती ती. लाजंपायी मी लपवली. पोरगी माझी हाय, मी सांभाळीन. बने, ऐकतीस न्हवं?"

पलीकडचं पावणंसुदिक भांडान सोडून हिकडं वळलं. आमी समद्यांनी माना वर केल्या. आता येतोय. आता येतोय. कावळ्यानं चोच फांदीला पुसली आणि नदी वलांडून पार पल्याड निघून गेला.

"आता आनि काय पायजे गं तुला?" मेजर म्हनला.

शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. लोक जेवायला वळलं. मेजर पायरीवर बसला, तवा रंगूनं पोर त्याच्या हातात दिलं. त्यानं ते लांबच धरलं.

"मान धरा, दाजी. मानेखाली हात."

त्यानं हात सरकवला. जरा येळानं म्हनला, "नाव काय म्हनली हुती बनू?"

"न्हाई ठिवलं. म्हनली, ते येतील की. आल्यावर त्यांनाच इचारू."

"मी येनार म्हनायची?"

"पोटात कळा हुत्या, तरी दारातनं कोन आलं की मान वळवायची."

मेजरनं लांब धरलेलं लेकरू छातीशी घेतलं. पोरगी त्याच्या सदऱ्यात तोंड खुपसून दूध हुडकाय लागली.