गाडी कुठी आली

हरिदास रामटेके यांनी आपला फोन तिसऱ्यांदा टेबलावरून पुढे सरकवला. पडद्यावर दोनच ओळी होत्या : शासनाच्या आदेशानुसार हे संकेतस्थळ बंद करण्यात आले आहे. टेबलापलीकडच्या प्रफुलनं त्या तिसऱ्यांदाही तितक्याच शांतपणे वाचल्या. तो जिल्ह्याच्या कचेरीत संगणकाचं काम पाहायचा आणि मुलगा वाईट नव्हता.

"आदेश वरून हाये, काका."

"वरून म्हंजे कुठून जी?"

"ते आमालेबी नाई माहीत."

"मग काऊन बंद केलं, तेवढं तरी सांगा."

"कारण गोपनीय हाये."

हरिदास एसटीत एकतीस वर्षं कंडक्टर होते. मुदत संपलेल्या पासाच्या माणसाला जंगलात उतरवायची वेळ आली, तरी ते आधी कारण सांगायचे आणि मग बहुतेक वेळा उतरवायचेच नाहीत. इथे मात्र त्यांचं पान आठ दिवसांपूर्वी उतरवलं होतं आणि कारण सांगायला कुणी तयार नव्हतं.

पान म्हणजे काय, तर धानोऱ्याकडच्या आतल्या गावांच्या गाड्यांची खबर. निवृत्त झाल्यावर बाप घरात नुसता येरझाऱ्या घालतो हे पाहून नूतननं, त्यांच्या मुलीनं, ते करून दिलं होतं. नाव होतं 'गाडी कुठी आली'. दर थांब्यावर हरिदासांचा एक माणूस असे, कुठे चहावाला, कुठे कोतवाल. एक मिस कॉल म्हणजे गाडी गेली, दोन म्हणजे बिघडली, तीन म्हणजे वाट बदलली. फोन कुणी उचलायचा नाही. हरिदास पडवीत बसून ते पानावर चढवत आणि गावोगावी कुणीतरी एकजण ते वाचून बाकीच्यांना सांगे. यात देशाला धोका कुठून आला, हे त्यांना कितीही डोकं खाजवलं तरी उमगत नव्हतं.

प्रफुलनं दाराकडे पाहून आवाज खाली आणला. इंटरनेटवर एकाच पत्त्यावर चाळीस-पन्नास जणांची पानं राहतात, तो म्हणाला, आणि तुमच्या पत्त्यावर कुणीतरी सट्ट्याचं पान चालवत असणार. वरच्यांनी पत्ताच बंद केला. म्हणजे एका खोलीत जुगार सापडला म्हणून अख्ख्या धर्मशाळेला कुलूप. माझी तेवढी खोली उघडा, असं हरिदास म्हणाले, तर त्याला ऑनलाइन अर्ज लागतो, असं उत्तर आलं. अर्ज त्यांनी चारदा भरला होता. त्यात बंदीच्या आदेशाचा क्रमांक लिहिल्याशिवाय पुढचं बटण दबत नव्हतं, आणि आदेश गोपनीय असल्यानं क्रमांकही गोपनीय होता. त्यांनी सगळे शून्य टाकून पाहिले. चुकीचा क्रमांक, असं त्या मशीननं लगेच सांगितलं. म्हणजे बरोबर क्रमांक त्याला ठाऊक होता.

तेवढ्यात टेबलावरचा हरिदासांचा फोन लागोपाठ तीनदा वाजला आणि तीनदा थांबला. कोसमटोल्याच्या अलीकडच्या चहावाल्याचे तीन मिस कॉल. कोसमटोल्याच्या वाटेवरच्या पुलाचं काम आज-उद्या निघणार हे हरिदासांच्या कानावर होतंच. ते निघालं होतं आणि गाडी फाट्यावरून वळली होती. दिवस सोमवार होता. मंगळवारी गडचिरोलीच्या दवाखान्यात सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी असते आणि कोसमटोल्याची सोमारी उसेंडी नातीला, मोनालीला, त्याच गाडीनं आणते. हरिदासांनी तिथल्या अंगणवाडीच्या दुर्गाला फोन लावला. लागला नाही. आठ दिवसांत तो एकदाही लागला नव्हता, म्हणून पान बंद झाल्याचंही तिला ठाऊक नव्हतं. गावात नेटवर्क नाही; सकाळी टेकडीवर चढलं की तेवढं मिळतं.

मंगळवारी पहाटेपासून ते दुर्गाला फोन लावत राहिले. ती टेकडीवर होती, पण नेट चालू करून त्यांचंच पान उघडत बसली होती, आणि तिकडचा टॉवर इतका जुना की नेट चालू असलं की फोन लागत नाही. पान पांढरं उघडलं. बंदीच्या दोन ओळीसुद्धा तिथवर पोचल्या नाहीत. पानावर काही लिहिलं नसलं की गाडी रोजच्या वाटेनं येणार, हे हरिदासांनीच सगळ्यांना शिकवलं होतं. दुर्गा खाली उतरली आणि गाडी येत आहे म्हणून तिनं सोमारीला सांगितलं.

सोमारी आणि मोनाली थांब्यापर्यंत चार किलोमीटर चालत गेल्या आणि दुपारपर्यंत मोहाच्या झाडाखाली बसून राहिल्या. तिथेच पोरीचे हातपाय ठणकायला लागले. तिला पाठीवर घेऊन सोमारी घरी परतली आणि दुसऱ्या दिवशी कुणाच्या तरी मोटरसायकलवरून दवाखान्यात आली.

हरिदास बुधवारी संध्याकाळी तिथे गेले. मोनालीला सलाइन लावलं होतं, ती झोपली होती. सोमारी खाटेजवळ जमिनीवर बसली होती. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"तुमी काऊन नाई सांगतलं, भाऊ?" तिनं विचारलं. "आमी गाडीची वाट पाहात राह्यलो."

हरिदासांना तिला सगळं सांगायचं होतं, तो पत्ता, ते कुलूप, तो क्रमांक. एकतीस वर्षांत त्यांनी थांब्यावर माणूस सोडून गाडी हलवली नव्हती, आणि आज ते त्यांच्या नावावर लागलं होतं. त्यांना रडू आलं आणि त्याहून जास्त संताप आला.

"चुकलं माझं, बाई," एवढंच ते म्हणाले.

गुरुवारी सकाळी त्यांनी लाल ऑइलपेंटचा डबा आणि ब्रश घेतला आणि ते कोसमटोल्याच्या वाटेच्या गाडीत बसले. कंडक्टर दीपाली त्यांच्याच हाताखाली शिकलेली. त्यांनी तिला काय करायचं ते सांगितलं, तेव्हापासून ती प्रत्येक थांब्यावर गाडी जरा जास्त वेळ उभी ठेवत होती. भिंत असेल तिथे भिंतीवर, नसेल तिथे मैलाच्या दगडावर हरिदास गाडीची वेळ लिहीत गेले. फाट्यावर ते उतरले, कारण पुढे गाडी जाणार नव्हती, आणि डबा सांभाळत कोसमटोल्याच्या थांब्यापर्यंत चालत गेले.

तिथे मोहाचं झाड आणि एक मोठा दगड. दुर्गा खबर लागून आली होती. झाल्या प्रकारानं ती इतकी खजील झाली होती की वर पाहत नव्हती. हरिदासांनी गुडघे टेकले आणि दगडावर लिहिलं : पूल बंद. गाडी फाट्यावर येते. सकाळी साडेआठ. खाली आपला फोन नंबर घातला.

मग त्यांनी ब्रश पुन्हा डब्यात बुडवला आणि लिहिलं : कारण.

"ते कायले लिवता, काका," दुर्गा हळूच म्हणाली, "पुलाचं काम तं सगळ्यायले दिसते."

"दिसते नं. तरी सांगा लागते."

शब्दापुढे दोन ठिपके देऊन त्यांनी सावकाश पुरं केलं : पुलाचे काम. अक्षरं जरा वाकडी आली होती. रंग वाळेपर्यंत कुणाचा हात लागू नये म्हणून ते दगडाशेजारीच बसून राहिले.