राजदंडाचं कार्ड

राजदंड (पु.) : राजसत्तेची खूण म्हणून राजाच्या हाती असणारा दंड. [सं. राजन् + दंड] कार्ड ४१७.

इथवर ठीक. पुढची ओळ माझी :

मूळ अर्थ, थकलेल्या राजाची टेकायची काठी.

हिला आधाराचं कार्ड नाही. आमच्या कोशात कार्डाशिवाय एक अक्षर छापत नाहीत. या पानांचा जुळवलेला फॉर्म चार वाजता छपाईला जाणार. आत्ता सव्वातीन.

पहिलं प्रूफ. दोन महिन्यांपूर्वी.

अण्णा न्हाणीघरात पडले. डॉक्टरांनी काठी सांगितली. "काठी म्हाताऱ्यांना," माझे एक्याऐंशी वर्षांचे वडील म्हणाले. जन्मभर त्यांनी छापखान्यात याच कोशाचे खिळे जुळवले. छापलेलं असेल तेवढंच खरं. म्हणून मी ती ओळ प्रुफात घातली, कागद घरी नेला. त्यांनी दोनदा वाचला. संध्याकाळी काठी घेऊन जिन्यापर्यंत गेले.

ओळ काढायची राहून गेली. राहून गेली की ठेवली?

शेवटचं प्रूफ. साडेतीन.

"'र'च्या कार्डांचा खण आणा हो," संपादकबाई म्हणाल्या.

काढली तर : कोश हातात पडताच अण्णा आधी तेच पान उघडणार. काठी कोपऱ्यात. पुन्हा न्हाणीघर.

ठेवली तर : नोकरी जाणार. शिवाय कोशात थाप, तीही माझी.

खण आणला. बाईंनी कार्ड ४१७ काढून प्रुफाशी ताडलं.

"ही ओळ कुठून आली?"

"माझ्याकडून."

"कार्ड?"

"नाही. वडिलांसाठी घातली होती."

बाईंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. लाल पेन माझ्यापुढे सरकवलं. "खोडा. सही तुमचीच करा. उद्या बोलू."

उद्या बोलू. बसमध्ये हे दोन शब्द मी किती तऱ्हांनी म्हणून पाहिले.

घर.

"अण्णा, ती राजाची ओळ गेली."

"जायचीच होती. पुढे कार्डाचा नंबर कुठे होता? मला काय खुळा समजलीस?"

"मग काठी का घेतलीत?"

"कागद दाखवताना तुझा हात लटपटत होता." मग म्हणाले, "बाई काय म्हणाल्या?"

"उद्या बोलू."

"तुझ्या ऑफिसला पायऱ्या किती गं?"

"बावीस."

त्यांनी काठी उलटी केली आणि खालचं रबर घट्ट आहे का ते चाचपून पाहिलं.