खालून वर

ऑफिसात तिला सगळे 'लाल पेन' म्हणत. तोंडावर नाही, पण तिच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर तिला ते आवडलंही होतं. कंपनीतून निघणारं प्रत्येक इंग्रजी पत्र आधी तिच्या टेबलावर यायचं. साहेबलोकांच्या पदव्या भिंतीवर मावत नव्हत्या, पण इंग्रजीच्या नावाने आनंदीआनंद. कोणी 'डिस्कस अबाउट' करायचा, कोणी 'रिटर्न बॅक', कोणाची 'फर्निचर्स' आणि 'इन्फर्मेशन्स' पानभर सांडलेली. एकवीस वर्षं ती हे खडे निवडत आली होती.

तिची एक पद्धत होती. पत्र ती खालून वर वाचायची. शेवटचं वाक्य आधी, मग त्याच्या वरचं, असं करत करत पहिल्या ओळीपर्यंत. वरून वाचलं की माणूस मजकुरात वाहवत जातो आणि चूक डोळ्यांदेखत निसटते, असं तिचं म्हणणं. उलटं वाचलं की प्रत्येक वाक्य एकटं सापडतं. नव्याने लागलेल्या मुलींनाही ती हेच शिकवायची, आणि वर सांगायची, "मजकुराशी आपल्याला काय करायचंय? तो लिहिणारा जाणे आणि वाचणारा जाणे."

तिची मोठी नणंद त्याच कंपनीत पॅकिंग खात्यात होती. बाई विधवा, बावन्न वर्षांची, यांच्याच जिन्यावर समोरच्या खोलीत राहायची. एकवीस वर्षांपूर्वी हिला नोकरीला चिकटवलं ते या नणंदेनेच, खात्याच्या मुख्य साहेबांच्या पाठी लागून. हे तिने कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं, निदान फिटल्यासारखं तरी वाटलं असतं.

पॅकिंगमध्ये माणसं कमी करणार, अशी कुजबुज दोन महिने चालू होती. वाचायचा रस्ता एकच होता. कमी केल्याचं पत्र निघायच्या आत जो गोदामात बदलीचा अर्ज देईल त्याला ठेवून घेणार होते. पत्र निघाल्यावर अर्ज बंद. पण गोदामात दिवसभर उभं राहायचं, ओझी उचलायची, आणि नणंदेचे गुडघे केव्हाच बोलायला लागले होते.

"उगाच कशाला जाऊ मरायला तिकडे," एका रविवारी चहा पिताना नणंद म्हणाली. "पक्कं कळलं तर देईन अर्ज. तुझ्याकडे येतात ना गं सगळी पत्रं?"

"माझ्या हाताखालून गेल्याशिवाय एक कागद बाहेर पडत नाही, वन्सं. तुम्ही निर्धास्त राहा."

आणि बाई निर्धास्त राहिली. दुसरं काय करणार होती?

त्यानंतरच्या मंगळवारी सकाळी शिपायाने टेबलावर अकरा कागद आणून टाकले. बारापर्यंत हवेत म्हणाला. त्यातला सातवा कागद नमुन्याचा होता, नावाच्या आणि खात्याच्या जागी नुसती टिंबं. तिने नेहमीप्रमाणे खालून सुरुवात केली. ओळखपत्र जमा करण्याचं वाक्य नीट होतं. त्याच्या वरच्यात दोन क्रियापदं एकमेकांच्या उरावर बसली होती, ती सोडवली. त्याच्या वर साहेबांनी चार ओळी रडगाणं लावलं होतं. आम्हाला खेद वाटतो, आमचा नाइलाज आहे, इतक्या वर्षांच्या कामाची आम्हाला जाणीव आहे, पुन्हा एकदा खेद वाटतो. तिने दुसरा खेद पुनरुक्ती म्हणून उडवला. जाणीव पाल्हाळ म्हणून उडवली. चार ओळींचं सुटसुटीत एक वाक्य झालं तेव्हा तिला मनातून बरं वाटलं. कोपऱ्यात आपल्या नावाची दोन अक्षरं ठोकली आणि आठवा कागद ओढला. कोणाला तरी काढताहेत हे तिला कळलं नसेल का? कळलं असेल, पण ते वाक्यातलं कोणीतरी होतं, आणि वाक्य आता शुद्ध झालं होतं. जेवणाच्या सुट्टीपर्यंत ती ते विसरूनही गेली.

शुक्रवारी संध्याकाळी नणंद दारात उभी राहिली. हातात लांबट पाकीट. चप्पल काढायचीही विसरली होती.

"आज सगळ्यांना वाटलीत. मला काही इंग्रजी समजत नाही. तू वाच आणि सांग."

तिने कागद उघडला आणि एकवीस वर्षांत पहिल्यांदा एक पत्र वरून खाली वाचायला लागली. टिंबांच्या जागी नणंदेचं नाव होतं. तिसऱ्या ओळीवर ती थांबली. ते सुटसुटीत वाक्य तिथे तसंच्या तसं होतं.

"काय गं?"

"तुम्हाला कामावरून कमी केलंय, वन्सं. एक तारखेपासून."

नणंद हळूच खुर्चीत टेकली. मग विचारलं, "वाईट वाटलं, असं काही लिहिलंय का त्यात?"

"लिहिलंय. एकदा."

"तीस वर्षं झाली. त्याबद्दल?"

"नाही."

खोटं बोलता आलं असतं. नणंदेला कुठे वाचता येत होतं? पण कोपऱ्यात टाइप केलेली तिच्या नावाची दोन अक्षरं होती, आणि कंपनीत ती अक्षरं झाडूवालाही ओळखायचा. नणंदेचं बोट तिथे येऊन थांबलं.

"हे तुझं ना? तुझ्या हाताखालून गेलंय हे."

"मंगळवारी."

"तीन दिवस." नणंदेने बोटांवर मोजले. "तीन दिवसांत मी तीन अर्ज दिले असते. तू सांगितलं का नाहीस?"

"मी वाचलं नव्हतं, वन्सं."

"तपासलंस आणि वाचलं नाहीस?"

तिला पद्धत समजावून सांगायची होती. तोंड उघडलंही. ऑफिसातल्या मुलींना हजार वेळा सांगितलेलं, पण या बाईपुढे ते शब्द इतके लाजिरवाणे वाटले की तिने तोंड मिटून घेतलं. नणंदेने कागद तिच्या हातून काढून घेतला, घडीवर घडी घातली आणि पाकिटात सारला. दारापाशी जाऊन वळली.

"त्यात चूक एकही नाही ना?"

"नाही," ती म्हणाली.

"मग काम चोख केलंस," नणंद म्हणाली, आणि समोरच्या खोलीत जाऊन आतून कडी लावली.