भूपेंद्रचं काळीज आणि मी

मित्रांनो, मी एक जुना स्टेथोस्कोप आहे. सुरतेत नवागामला डॉक्टर पल्लवीबाईंचा दवाखाना आहे, तिथं माझं आयुष्य गेलं. रबराची नळी, टोकाला चकती आणि कानात घालायच्या दोन बोंड्या, एवढाच माझा देह. पण ऐकायला मात्र मला अद्भुत मिळालं. कापडाच्या लूमवर राबणाऱ्यांची घरघरणारी छाती मी ऐकली, तान्ह्या बाळाचं चिमणीएवढं काळीजही ऐकलं. बायाबापड्या मला हात लावून नमस्कार करायच्या. पुढे नवा स्टेथोस्कोप आला आणि मी खणात पडलो. नळी ताठरली. माझी आठवण कुणाला राहिली नाही.

नवा बिघडला, म्हणून यंदा दिंडोलीच्या कबड्डी सामन्यांना बाईंनी मला सोबत नेलं. नवागामच्या संघाची सारी भिस्त भूपेंद्रच्या चढाईवर होती. त्याची आई धुरपदाबाई कामावर खाडा करून आली होती.

पहिल्याच चढाईत तो हसत परतला. गडी बाद केला, अशी त्याची खात्री होती. पंच म्हणाले, हात पोचलाच नाही. पुढच्या चढाईत तो पकडला गेला. उठायला गेला तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि तो मटकन खाली बसला.

बाईंनी मला त्याच्या छातीवर टेकवलं. मित्रांनो, मी थक्क झालो. पोरगा बसलेला होता आणि काळीज मात्र धावत होतं. श्वास शांत झाला, घाम वाळला, तरी ते थांबेना.

"काय घेतलंस?" बाईंनी विचारलं.

"काही नही लिधं."

बाईंनी मला त्याच्या छातीवरून हलवलं नाही. त्याने आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"गांजा. थोडासाच. दोस्त बोलला, दम वाढतो, भीती जाते."

"दम वाढत नाही रे. तू मैदानात उतरायच्या आधीच गांजानं तुझं काळीज पळवलं. मग खरं पळायच्या वेळी ते कुठून जोर आणणार? उठलास की रक्तदाब पडतो, म्हणून अंधारी आली. तुला वाटलं तू चपळ झालास. हात मागे पडत होता, ते तुला कळलंच नाही."

"मॅडम, एकच चढाई. मी नसलो तर हरतील."

"नाही. आधी दवाखान्यात जाऊन हृदयाचा आलेख काढायचा."

मग बाईंनी माझ्या बोंड्या त्याच्याच कानात घातल्या. स्वतःचं काळीज ऐकताना त्याचा चेहरा पांढरा पडत गेला. इतकी वर्षं ते त्याच्याजवळ होतं आणि भेट आज झाली.

संघ हरला. आलेखात काही वावगं निघालं नाही. भूपेंद्रने गांजाला पुन्हा हात लावला नाही आणि तो परत सरावाला लागला.

पण मित्रांनो, मला आठवते ती धुरपदाबाई. त्या दिवशी मुलाच्या कानातून काढून तिने मला आपल्या कानात घातलं आणि चकती स्वतःच्या छातीवर धरली. लूमच्या खडखडाटात जन्म काढलेली ती बाई कितीतरी वेळ डोळे मिटून ऐकत राहिली.

"बाई," तिने हळूच विचारलं, "याले कधीच सुट्टी नही का?"

"नाही, धुरपदाबाई."

म्हणून सांगतो, त्या काळजाला उगाच पळवू नका.