भिंतीला टेकताना

"पोट आत घे, ताई. अजून."

"आत घ्यायला काही उरलंच नाही. तू ओढ."

दाबाने दोन्ही अंगठे कापडाखाली सरकवले आणि ओढलं. शर्यतीचा पोशाख कोदूच्या मांडीवर आणखी दोन बोटं वर गेला. आधी पावाची प्लास्टिकची पिशवी पायात घालायची, म्हणजे पाय घसरून आत जातो. मग पिशवी काढून घ्यायची आणि कापड चिमटीचिमटीने वर न्यायचं. नखं लावायची नाहीत, कापड फाटतं. अठराव्या वर्षी कोदू न्जायला या कामाला बारा मिनिटं लागत. आता चौतिसाव्या वर्षी बावीस लागत होती, तीही दुसरीच्या मदतीने.

"गेल्या वर्षी लवकर चढला होता हा," दाबा म्हणाली.

"गेल्या वर्षी मी तीन किलोनं कमी होते. जा, भोंग्यावर सांग सगळ्या डाकारला."

"मी कशाला सांगू? पोशाखच सांगतोय."

दोघी हसल्या. कोदूला हसताना बरगड्यांवर कापड करकचून आवळल्यासारखं झालं. दाबा सतरा वर्षांची होती. तिने स्वतःचा पोशाख केव्हाच चढवला होता, एकटीने. अर्ध्या तासाने दोघी शेजारशेजारच्या लेनमध्ये पन्नास मीटर पोहणार होत्या, आणि दोघींपैकी एकच ऑलिंपिकला जाणार होती. पात्रतेची वेळ देशात कोणत्याच बाईची नव्हती. अशा देशाला एक बाई पाठवता येते. ती एक जागा तीन वेळा कोदूची झाली होती.

"ताई, तू जिंकलीस तर मला राग नाही येणार."

"तू जिंकलीस तर मला येईल."

"खरंच?"

"दोन दिवस. मग जाईल. पट्टा नीट कर माझा, मागे पीळ पडलाय."

डाकारजवळच्या न्गोरच्या किनाऱ्यावर कोदूची आई मासे विकायची. वडिलांची होडी होती, पण त्यांना पोहता येत नसे. होडी असताना पोहायचं कशाला, असं ते म्हणत. तेराव्या वर्षी कोदू डाकारहून गोरे बेटापर्यंतच्या शर्यतीत उतरली. साडेचार किलोमीटर. मध्येच तिच्या मानेला जेलीफिश डसला. बेटावर पोचली तेव्हा बायकांत तिच्या पुढे कोणी नव्हतं. धक्क्यावर एक उंच, काटक मास्तर घड्याळ घेऊन उभे होते. त्यांनी आडनाव विचारलं.

"न्जाय."

"अरेरे. एवढी चांगली पोहतेस, आणि न्जाय?"

"तुम्ही कोण?"

"जोप."

"मग बरोबर," मानेवरचे वळ चोळत ती म्हणाली. "भात खायचा सोडून इथे कसे आलात?"

न्जाय आणि जोप या घराण्यांत थट्टेचं नातं होतं: न्जाय भेटला की जोपने खादाड, भातखाऊ असा टोमणा मारायचा आणि जोप भेटला की न्जायने, आणि रागवायचं कोणीच नाही. वाडवडिलांपासून असंच चालत आलं होतं. पण तेरा वर्षांच्या मुलीने गळ्याला सूज आलेली असताना इतक्या चटकन परतफेड केलेली मास्तरांनी पाहिली नव्हती. बासिरू जोप शाळेत भौतिकशास्त्र शिकवत आणि सुट्टीच्या दिवशी शर्यतींची वेळ घेत. तलावावर तिला त्यांनीच आणलं.

पहिल्या ऑलिंपिकमध्ये तिने भिंतीला हात टेकला, मान वर करून फलकाकडे पाहिलं, तर तिचे आकडे अजून पळतच होते. भिंतीवर पिवळं पॅड बसवलेलं असतं आणि त्यावर जोर पडला तरच घड्याळ थांबतं, हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बाकीच्या सगळ्या थांबल्या होत्या. शेजारच्या लेनमधल्या मुलीने हाताने खूण केली, मार, मार. तिने मारलं. प्रेक्षकांनी टाळ्या वाजवल्या. सर्वांत शेवटी येणारीला वाजवतात तशा.

नंतर दोन वर्षं फ्रान्समधल्या एका गावात शिष्यवृत्तीवर, जिथे पहाटे तलावावर जाताना ओल्या केसांचा बर्फ व्हायचा. नंतर बंदरावरच्या जकात कचेरीत नोकरी: सकाळी पाच किलोमीटर पोहून नऊला टेबलावर. नंतर उजवा खांदा. नंतर एक लग्न, ते तीन वर्षं टिकलं. नवऱ्याची तक्रार एकच होती, की ती रात्री साडेआठला झोपते. नंतर डावा खांदा. एकदा सरावाच्या वहीवरून तिने हिशेब केला होता: चोवीस हजार किलोमीटर, म्हणजे पृथ्वीला निम्म्याहून जास्त फेरी. त्या मानाने तीन ऑलिंपिक मिळून तिथल्या पाण्यात ती पूर्ण एक मिनिट एकवीस सेकंदही शर्यत पोहली नव्हती. तिन्ही वेळा सकाळची हीट, म्हणजे प्राथमिक फेरी, आणि रिकाम्या खुर्च्या.

"मासासुद्धा कधीतरी बाजारात येतो," आई म्हणायची. "तू कधी येणार?"

"एवढं एकदा, आई," कोदू म्हणायची. आजही सकाळी ती हेच म्हणून निघाली होती. आणि ते खरं होतं. तिला आणखी एकदा जायचं होतं. पदकासाठी नाही, ते तिच्या वाटेला येणाऱ्यातलं नव्हतं. सत्तावीस सेकंद तिथे असायचं होतं आणि स्वतः ठरवून बाहेर यायचं होतं. आता थांबा, असं तिला कोणी म्हणायच्या आधी.

शिट्टी झाली. चौथी लेन कोदूची, पाचवी दाबाची. पाचव्या लेनच्या टोकाला जोपकाका घड्याळ घेऊन खुर्चीवर बसले होते. आता ते निवृत्त होते, अडुसष्ट वर्षांचे. गेल्या मोसमात त्यांनी एका मुलाची वेळ चुकीची घेतली आणि तेव्हापासून त्यांना कोणी फारसं विचारत नसे. यंदा तर नवं यंत्रच आलं होतं. आज पहाटे भिंतींवर पिवळी पॅडं बसवली होती आणि महासंघाचे अध्यक्ष ती सगळ्यांना लग्नातल्या आहेरासारखी दाखवत फिरत होते. "आता वाद नाही. यंत्र सांगेल तेच."

उडी चांगली पडली. पंधरा मीटरपर्यंत कोदू पुढे होती. पंचविसाला दाबा बरोबरीला आली. पस्तिसाला डाव्या खांद्यात ओळखीची कळ उठली, आणि तिने श्वास न घेता शेवटचे दहा हात मारले. मान खाली, डोळ्यांच्या कडेला दाबाचा हात. तो लांब, सरळ हात पुढे गेला आणि त्याची बोटं पिवळ्यावर टेकली. अलगद. झोपलेल्या लेकराच्या कपाळावर टेकतात तशी. मग ती वर सरकली. कोदूचा हात तेव्हा पॅडपासून कोपरभर लांब होता. मग तोही पोचला आणि तिने मारलं. सवयीने.

फलकावर चौथी लेन: २७.०४, पहिली. पाचवी लेन: २७.४३, दुसरी.

अध्यक्षांनी टाळ्या वाजवल्या. दाबाने लेनच्या दोरीवरून येऊन कोदूच्या गळ्यात हात टाकले, "जा, ताई, जा तू," म्हणाली आणि भराभरा पाण्याबाहेर पडून कपडे बदलायच्या खोलीकडे गेली. जोपकाकांनी हातातल्या घड्याळाकडे पाहिलं, फलकाकडे पाहिलं, पुन्हा घड्याळाकडे पाहिलं. मग चिठ्ठीवर काहीतरी लिहून ती टेबलावरच्या पेटीत टाकली आणि अंगठा चोळत बसले.

कोदू अंग सैल करायला कडेच्या लेनमध्ये उतरली. दोनशे मीटर, सावकाश. पाण्याखाली डोकं घातलं की तिला नेहमी बरं वाटे. आज वाटलं नाही.

दोघी एरवी सराव करत त्या जुन्या तलावातल्या फरशा फुटलेल्या होत्या. जोरात हात लावला की बोटं कापत. "हळू टेक," तिने स्वतःच दाबाला पाच वर्षं शिकवलं होतं. "बोटं फुटली तर उद्या पोहणार कशी?" आणि आज सकाळी सरावाला उतरताना दाबाने विचारलं होतं, "ताई, हे पिवळं काय बसवलंय? याचं काही करायचं असतं का?"

"काही नाही," कोदू म्हणाली होती. "भिंतच समज."

ती तेव्हा चष्म्याची दोरी बांधत होती. लक्ष नव्हतं. की होतं? तिने आठवून पाहिलं. दोनशेचे तीनशे मीटर झाले. आठवेना. आठवत होता तो फक्त चष्मा आणि दोरीची गाठ.

ती बाहेर आली आणि ओल्या अंगानेच पंचांच्या टेबलाकडे गेली. निकालाच्या कागदावर मुख्य पंचांची सही व्हायची होती. चहाची दुसरी फेरी चालली होती. अध्यक्षांनी तिच्यासाठी खुर्ची ओढली.

ती बसली नाही. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "काय जोप, दुपारचा भात अंगावर आला वाटतं. घड्याळ हातात धरून झोपलात."

टेबलावरचे सगळे हसले. जोपकाकांनी मान वर केली. बऱ्याच दिवसांत त्यांना कोणी चारचौघांत छेडलं नव्हतं.

"यंत्रानं एकदा पहिली म्हटलं, तर लगेच मालकीण झालीस का गं? तुझी आजी माझ्या आजोबांच्या घरी पाणी भरायची, विसरलीस?"

"पाणी भरायची म्हणूनच मला पाण्यातलं दिसतं. पाचव्या लेनचं तुमचं घड्याळ काय म्हणतं ते सांगा."

बाकीचे अजून हसत होते. जोपकाकांचं हसू मात्र ओसरलं. त्यांनी तिच्याकडे नीट पाहिलं, शाळेत एखाद्या पोराने उत्तर बरोबर काढलं की पाहत असतील तसं.

"म्हाताऱ्याचा अंगठा आहे," ते हळू म्हणाले. "लवकर पडला. आणि तुझ्या डोळ्यांत क्लोरीन गेलंय, न्जाय. जा, अंग पूस. सर्दी होईल."

त्यांनी तिला वाट करून दिली होती, हे तिला कळलं. आता हसून वळलं की झालं. थट्टा होती, थट्टाच राहील. न्जाय-जोपमधलं बोलणं कोणी मनावर घेत नाही. तिच्या पायांखाली पाण्याचं थारोळं साचत होतं.

"बासिरूकाका," ती म्हणाली.

पंचांनी चहाचे पेले खाली ठेवले. एकवीस वर्षांत तिने त्यांना नावाने हाक मारली नव्हती.

"तिची बोटं पॅडवर होती. माझा हात इतका लांब होता." तिने कोपरापासून बोटांपर्यंत हात दाखवला. "मी पाहिलंय. तिनं हळू टेकवलं, म्हणून यंत्राला कळलं नाही. तुमचा अंगठा बरोबर होता."

"हे बघ कोदू," अध्यक्ष म्हणाले, "दमली आहेस तू. काय बोलतेस ते कळतंय ना तुला?"

"कळतंय, साहेब. पाण्याबाहेर आलं की मला सगळं कळायला लागतं. तीच तर अडचण आहे."

मुख्य पंच म्हणजे एक अबोल बाई होत्या. त्यांनी पेटी पुढे ओढली आणि चिठ्ठ्या काढल्या. पाचवी लेन, जोप: सव्वीस बहात्तर. यंत्राशी सात दशांशांचा फरक. चौथी लेन, हातघड्याळ: सव्वीस त्र्याण्णव. यंत्राशी एक दशांश. त्यांनी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या, नियमपुस्तक उघडलं, यंत्र चुकलं तर हातघड्याळाची वेळ धरायची या ओळीवर बोट ठेवून ती अध्यक्षांना वाचायला दिली आणि निकालाच्या कागदावरची दोन नावं खाडाखोड करून वरखाली केली.

जोपकाकांनी चहाचा पेला कोदूपुढे धरला. तिने तो उभ्याउभ्या संपवला. खूप गोड होता.

दाबाला खोलीत बातमी कळली होती. ती धावत आली, डोळे लाल, कमरेला टॉवेल.

"ताई, तू का सांगितलंस?"

"ते नको विचारू. आधी का नाही सांगितलं, ते विचार."

"म्हणजे?"

"पॅडवर मारायचं असतं. टेकवायचं नसतं. मला हे सोळा वर्षांपासून माहितीये."

दाबा एक पाऊल मागे सरली. "सकाळी मी विचारलं होतं तुला."

"हो."

"विसरलीस तू."

"माहीत नाही."

"माहीत नाही म्हणजे काय?"

"म्हणजे माहीत नाही, दाबा. खरंच."

पलीकडे दोन माणसं भिंतीवरची पॅडं काढून, पुसून, खोक्यात भरत होती. दाबाने टॉवेलची गाठ सोडली, पुन्हा बांधली. तिला रडायचं होतं की भांडायचं, ते तिचं तिलाच ठरवता येत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "मग आता शिकव."

कोदू काठावर बसली आणि पाण्यात उतरली. उघड्या भिंतीला पाठ लावून तिने उजवा हात पाण्याखाली एक वीत धरला. तळवा दाबाकडे, बोटं वर. "दहा मीटरवरून ये. शेवटचा हात मारलास की थांबायचं नाही. भिंतीतून पलीकडे जायचंय असं समजून मारायचं."

"तुला लागेल."

"ये."

पहिल्या वेळी बोटं टेकली आणि सरकली. "हे नाही," कोदू म्हणाली. दुसऱ्या वेळी बरं होतं. तिसऱ्या वेळी दाबा सरळ आली, सगळ्या अंगानिशी, आणि तो फटका काही शिकण्याचा नव्हता. कोदूचा हात मागे भिंतीवर आदळला आणि कळ मनगटातून खांद्यापर्यंत गेली. दाबा पाण्याबाहेर डोकं काढून धापा टाकत उभी राहिली. सॉरी म्हणाली नाही.

कोदूने पाण्याखाली बोटं एकेक करून हलवून पाहिली. मग हात पुन्हा तिथेच धरला.

"असंच," ती म्हणाली. "पुन्हा."