छावणीत वाजलेली मयतीची चाल

मी हलगी. लाकडी कड्यावर ताणलेलं बकरीचं कातडं, एवढाच माझा जीव. ती बकरी नेकनूरच्या माळावर शेरडं राखणाऱ्या भिवराबाईची. ती मेल्यावर भिवराबाईनं कातडं आसारामला दिलं. म्हणाली, "जित्तेपणी लई वरडायची. आता तुज्या हातानं वरडू दे."

आसाराम मला वाजवतो आणि गहिनीनाथ भारूड करतो. दोघं एकाच खोलीत राहतात. गहिनीनाथला भारूड शिकवलं हरिबानं. हरिबानं जन्मभर लुगडं नेसून लोकांना हसवलं. त्यालाही पुरुषच आवडायचे, पण ते तो मरताना फक्त गहिनीनाथजवळ बोलला.

गहिनीनाथनं लपवलं नाही. जत्रेतून तो मोबाईलवरच्या व्हिडिओत गेला, तिथून पुण्याच्या नाटकात, मग टीव्हीवर. मी सगळीकडे बरोबर होते. पुण्यात पडद्यामागे त्याच्यासारखेच आणखी दोघं भेटले, एक नाच बसवणारा आणि एक नट. ते आपापल्या जोडीदाराला खुशाल तालमीला आणायचे, आणि नाटकाच्या पाटीवर त्यांची नावं ठळक असायची. एका मुलाखतीत गहिनीनाथही सरळ म्हणाला, "मी समलिंगी आहे आणि भारूडकार आहे. दोन्ही सांगायला मला आवडतं." तिथं टाळ्या पडल्या. आमच्याकडे मात्र तो व्हिडिओ दाखवताना माणसं आवाज बारीक करायची. मी तेव्हापासून भ्यायला लागले.

त्या वर्षी पाऊस पडलाच नाही. दूध संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली आणि जनावरांमागं माणसंही तिथंच राहायला आली. संस्थेचे चेअरमन त्रिंबकआप्पा यांनी भारुडासाठी फोन केला. "टीव्हीवरचा आपला मानूस हाय तू. शाल घालू. फकस्त ते दुसरं काई बोलू नको, गड्या. लोक आधीच तापलेत."

"आप्पा, हरिबा न बोलताच गेला," गहिनीनाथ म्हणाला. "मी आपल्या मुलखात बोलनार."

रात्रीच्या गारव्यात मी सैल पडते. मला वाजण्याआधी विस्तवाचा शेक लागतो. पण छावणीत कडब्याच्या गंजी होत्या, काडी ओढायलाही मनाई. म्हणून आसारामनं मला उन्हात पत्र्यावर ठेवलं आणि दोघं आप्पांकडे चहाला गेले.

तेवढ्यात धर्मराज आला. छावणीतलाच तरणा गडी. मला उचलत तो सोबत्यांना म्हणाला, "पाऊस कावून पडंना, कळलं का बे? असली पापं मुलखात हिंडल्यावर पडंल का?"

भिवराबाई शेजारीच घागर भरत होती. "मागल्या साली बी न्हाई पडला. तवा तर त्यो पुण्यात हुता. मंग कुनाचं पाप हुतं रं, धर्म्या? तुजं?"

सगळे हसले. धर्मराजचा चेहरा काळवंडला. त्यानं काठी घेतली आणि माझ्यावर मयतीची चाल धरली.

ती चाल जड असते. दोन थापा पडतात, मग हात थांबतो. ती ऐकली की आमच्याकडे माणसं हातातलं काम सोडून उभी राहतात, कोण गेलं म्हणून. छावणी उभी राहिली. बायांनी पदर डोक्यावर घेतले. आणि नेमका त्याच वेळी गोठ्यांच्या रांगांमधून गहिनीनाथ येत होता, मागून आसाराम. सगळे त्याच्याकडे पाहू लागले, तिरडीकडे पाहावं तसे. मला थांबता येईना. कातड्याला हात निवडता येत नाही.

गहिनीनाथचा रंग उतरला. मग तो म्हणाला, "धर्मा, ठेका चुकतोय तुजा. आसाराम, घे तिला. हीच चाल वाजव."

त्या चालीवरच तो चालत गेला आणि ट्रॉलीच्या स्टेजवर मढ्यासारखा आडवा झाला. मढं हळूच उठून बसलं. "आरं, परत आलो! वर बी छावनीच हाय. कानात बिल्ला असल्याबिगर आत घेत न्हाईत!"

बिल्ले मारलेल्या जनावरांचे मालक पोट धरून हसले. हसणं ओसरल्यावर त्यानं आसारामचा हात धरला. "हा आसाराम. माज्या घरचा मानूस. लोकं नवरा-बायकू ऱ्हातात, तसं आमी दोघं ऱ्हातो. माज्या गुरूला हे बोलता आलं न्हाई."

गुरांच्या रवंथाचा आवाज तेवढा येत होता. काहीजण उठून गेले. मग मागून बायांच्या टाळ्या आल्या, आधी तुरळक, मग दाट. आप्पांच्या हातात एकच शाल होती. ती त्यांनी दोघांच्या खांद्यांवर मिळून टाकली आणि लगेच गाडीत जाऊन बसले.

सकाळी माझं कातडं कडेपासून कडेपर्यंत फाडलेलं होतं. चाकूनं. अंधारात हात कुणाचा ते मला दिसलं नाही, आणि कुणी सांगितलंही नाही.

आता मी खोलीतल्या खिळ्याला आहे. नवी हलगी घेऊन दोघं तलवाड्याच्या छावणीवर गेलेत. तिथल्या लोकांनी दोघांची नावं घालून बोलावलंय, याचा मला अभिमान आहे. मुंबईहूनही मालिकेसाठी बोलावणं आलंय, मोठ्या भूमिकेचं.

दिवेलागण झाली आहे. दाराशी मोटारसायकल थांबलीय. कुणीतरी कुलूप हलवून पाहतंय. दाराच्या फटीतून पेट्रोलचा वास आत येतोय.

माझ्यात आवाज उरलेला नाही. रस्त्यानं जाणारं कुणी हे ऐकत असेल, तर भांडू नका, धावून येऊ नका. नुसतं एकदा मोठ्यानं खाकरा. कुणीतरी बघतंय, एवढं दाराशी उभ्या असलेल्याला कळू द्या.