शून्य मेंढरं

संगणक मी कुणाकडं शिकलो नाही. मोबाइलवर बघून बघून शिकलो, लोहाऱ्यात दहा बाय बाराचा गाळा घेतला, म्हणून जनावरांच्या लसीचं काम घेतलेल्या एका कंपनीनं मला स्वस्तात धरलं. त्यांचा एक एजंट होता, म्हणजे फोनवर बाईच्या आवाजात मराठी बोलणारा प्रोग्रॅम. नुसता बोलायचा. त्याला हातपाय मी लावले. जनावरांची नोंद करायचं एक टूल, लसीच्या गाडीच्या यादीत नाव घालायचं दुसरं, तक्रार बंद करायचं तिसरं. बंद झालेली तक्रार परत उघडायचंही टूल पाहिजे, असं मी म्हणालो होतो. ते म्हणाले, गरज नाही, उघड्या तक्रारी दिसल्या की वरचे चिडतात. मी गप्प बसलो. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढं जे झालं त्यात माझा वाटा आहे.

मंगळवारी सकाळी बिराप्पामामा सास्तूरहून जीपनं आले. मेंढरं तिथंच एका रानात बसवलेली.

"शांतलिंग, डॉक्टरीण आली न्हाय रं. आठ दिस झालं. सात गेली."

"फोन केलता का?"

"केला की. बाई लई गोड बोलली. काम पूर्ण झालं म्हनली, धन्यवाद म्हनली. म्हनलं आता येतीलच."

मी त्या फोनचं रेकॉर्डिंग लावलं.

"आपल्याकडे किती मेंढ्या आहेत?"

"बिरोबाच्या किरपेनं हायती."

"कृपया संख्या सांगा."

"बक्कळ हायती, बाई."

"कृपया संख्या सांगा."

मामा हसल्याचा आवाज. "तुला कशाला गं आकडा? तू निस्ती लस धाड."

मामांच्या घरात कळपाचा आकडा तोंडानं काढत नाहीत. काढला की कळप घटतो. सास्तुरात हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. मलाही होतं. आणि तरी, आकडा आला नाही तर शून्य घाल, असं नोंदीतल्या आकड्याच्या चौकटीसाठी मीच लिहून ठेवलं होतं. शून्य मेंढरं, म्हणजे लस नको, म्हणजे काम पूर्ण.

"मामा, आता तरी आकडा सांगा."

मामांनी कंबरेची पिशवी सोडली आणि टेबलावर चिंचोके ओतले.

"आमची सखू ठिवती हे. कोकरू झालं की एक टाकती, गेलं की एक काढती. तू मोज. म्या भायेर उभारतो."

दोनदा मोजले. एकशे एकतीस. नवी तक्रार करून नोंद टाकली. आधी शून्य आणि आता एकशे एकतीस, म्हणून एजंटला संशय आला. त्यानं कंपनीची जनावरांची जुनी यादी उघडली. ती यादी झाली तेव्हा मामा मेंढरं घेऊन कर्नाटकात होते, म्हणून तिथंही शून्य. पहिल्या शून्याला हे शून्य जुळलं. तक्रार बंद. समोरचा चहा अजून गरम होता.

कंपनीला फोन लावला. एक पोरगी म्हणाली, "सर, मेल टाका." टाकला. मिनिटात उत्तर आलं: आपली तक्रार सोडवण्यात आली आहे. उत्तर देणारा माझाच एजंट. तोंडातून जे निघालं ते इथं लिहीत नाही. बाजारातली दोन औषधदुकानं पालथी घातली, ती लस तिथं नव्हती.

मग लसीच्या गाडीवरच्या महेश्वरी मॅडमना लावला.

"मी जेवळीत आहे. जवळच आहे रे," त्या म्हणाल्या. "पण लसीच्या पेटीचं कुलूप यादीतल्या नावावरच उघडतं. ते जोडणारा तूच ना?"

"व्हय."

"मग नाव आण. तासाच्या आत पोचते. नुसतं येऊन काय बघत बसू?"

मामा दारातून सगळं ऐकत होते.

"तू केलंयस न्हवं ते? मग तुझं का ऐकत न्हाय?"

"तक्रार बंद असली की यादीत नाव चढत न्हाय. अन् बंद झालेली मला उघडता येत न्हाय, मामा."

"बंद करता येतंय की."

मी परत एकदा, कुणीही करतो तसा, एजंटला साधा फोन लावला. बाई गोड आवाजात म्हणाली, ही तक्रार आधीच पूर्ण झाली आहे. मामांनी तेही ऐकलं. चिंचोके पिशवीत भरायला लागले. एकही खाली पडू दिला नाही.

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. मेंढरांपाशी थांबलेल्या सखूमामीचा. मामांनी कानाला लावला, ऐकलं, आणि माझ्यापुढं धरला.

"शांतलिंग व्हय? डॉक्टरीण निघाली का, बाबा? आनिक दोन बसल्यात. माना टाकल्यात." मागं मेंढरं ओरडत होती.

"मामी, यादीत नाव न्हाय तुमचं."

"मग घाल की."

मी यादी परत उघडून बघितली.

"घाल की, लेकरा. म्या धरते फोन."